टेम्पोतल्या रंगपटाचं वायरिंग स्वतः करताना: कुठून सुरुवात करायची आणि माणसं कुठे चुकतात

तुळशीचं लग्न झालं की कोकणातल्या दशावतारी नाटक मंडळांच्या गाड्या रात्रीच्या वाटेला लागतात, आणि दोन-तीन आठवड्यांत माझा फोन वाजायला लागतो. पंखा हळू फिरतो, आरशाचा दिवा मिणमिणतो, फ्यूज सारखा उडतो, कुठूनतरी जळका वास येतो. बंद बॉडीच्या टेम्पोत मागच्या अर्ध्या भागात प्लायवूडचा आडोसा करून रंगपट, म्हणजे नटांची रंग-कपड्यांची खोली, करणारी मंडळं आता बरीच आहेत. त्यांचं वायरिंग बहुतेक वेळा घरचंच कोणीतरी करतं. करायला हरकत काहीच नाही, बारा व्होल्टचं काम शिकता येण्यासारखं आहे. पण जवळजवळ सगळे क्रम उलटा धरतात: आधी दिवे आणतात, मग तार, मग बॅटरी, आणि फ्यूज राहिलाच तर शेवटी. "दिवो पेटलो मां, मगे झाला काम!" असं मंडळाच्या एका मालकांनी मला ऐकवलं होतं. दिवा पहिल्या रात्री पेटतोच. प्रश्न चाळिसाव्या रात्रीचा असतो.

पुढचं सगळं उभ्या गाडीत वापरायच्या रंगपटासाठी आहे. मालवाहू गाडीच्या मागे माणसं बसवून प्रवास करायचा नाही. बाहेरच्या बाजूला जादा दिवे लावायचे किंवा बॉडी कापायची असेल तर आधी आरटीओत विचारा.

टप्पा १: वही घ्या, बाजारात नंतर जा

रंगपटात काय काय चालणार, किती वॅटचं आणि रात्रीत किती तास, हे लिहून काढा. एका दहा फुटी गाडीचा माझ्या वहीतला हिशेब असा होता:

- आरशांचे दिवे, मिळून २० वॅट, ३ तास: ६० वॅट-तास
- छताचे दोन दिवे, मिळून १८ वॅट, ८ तास: १४४
- दोन बारा व्होल्टचे पंखे, मिळून ३० वॅट, ६ तास: १८०
- मोबाइल चार्जिंग, २० वॅट, ४ तास: ८०

बेरीज ४६४ वॅट-तास. याला १२ ने भागलं की साधारण ३९ अँपिअर-तास. बॅटरी या आकड्यावरून ठरते. सगळं एकदम चालू असेल तर ८८ वॅट, म्हणजे सव्वासात अँपिअरच्या वर. हिशेबाला ८ धरा. तार आणि फ्यूज या दुसऱ्या आकड्यावरून ठरतात. दोन्हींची गल्लत करू नका.

मोबाइल चार्जिंगचा आकडा कमी लिहायचा मोह होतो. बारा-पंधरा माणसांचं मंडळ आहे, रात्रभर कोणाचा ना कोणाचा फोन लागलेलाच असतो.

*तपासा:* गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची? छोटे टेम्पो आणि पिकअप सहसा १२ चे असतात, मोठे ट्रक आणि बस २४ चे. तर्क करू नका, बॅटरीवर मल्टिमीटर लावून बघा. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या दिसल्या तर बहुधा २४. मग टप्पा ७ मधला चार्जर २४ वरून १२ करणारा घ्यावा लागेल.

टप्पा २: बॅटरी वेगळी, आणि जागा पक्की

इंजिनाच्या बॅटरीवर रंगपट चालवायचा नाही. ती क्षणभर मोठा करंट देऊन इंजिन फिरवण्यासाठी बनवलेली असते. रात्रभर तिला हळूहळू पिळलं की पहाटे गाडी चालू होत नाही, आणि असं सात-आठ वेळा झालं की बॅटरी कायमची बसते.

शिसं-ॲसिडची घ्यायची तर तिच्या क्षमतेतलं निम्मंच वापरायचं. म्हणजे ३९ साठी ७८, आणि पुढे थोडी ढील ठेवून १०० अँपिअर-तासांची. वजन तीस किलोच्या आसपास. लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली तर नव्वद टक्क्यांपर्यंत वापरता येते. ६० अँपिअर-तासांची पुरते आणि वजन आठ किलोच्या आतबाहेर. पैसे जास्त जातात, पण जी गाडी रोज रात्री वेगळ्या गावात असते तिच्यासाठी मी आता हीच सुचवतो. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी गाडीत चढवू नका. घाटात कलली की ॲसिड सांडतं, आणि खाली पेटारे असतात.

जागा जमिनीलगत, पुढच्या भिंतीला टेकून. लोखंडी कोनात बसवून पट्ट्याने आवळा. हाताने हलवली तर टेम्पो हलला पाहिजे, बॅटरी नाही. शिसं-ॲसिडची असेल तर चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून पेटीला वरच्या बाजूने बाहेर हवा जाईल अशी वाट द्या.

*सावध:* नाटकाआधी गणपतीपुढे निरांजन आणि उदबत्ती लागणारच. ती जागा बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला ठरवून घ्या आणि मालकांना तसं स्पष्ट सांगा. मिशा चिकटवायचा स्पिरिट गमही पेट घेतो, त्याच्या बाटल्याही बॅटरीपासून दूर. दाराजवळ दोन किलोचा ड्राय पावडरचा अग्निशामक टांगा. आतल्या कोपऱ्यात टांगलेला उपयोगाचा नाही, आग लागली की माणूस दाराकडे पळतो.

टप्पा ३: तार, म्हणजे कल्हई आणि जाडी

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

वेंगुर्ला-मालवणच्या पट्ट्यात उघड्या तांब्याला हिरवा कळंक चढायला फार दिवस लागत नाहीत. बिनकल्हईच्या भांड्यात सोलकढी ठेवली की कळकते, तसंच तारेचं होतं. खारी हवा थिंबलच्या, म्हणजे तारेच्या टोकाला दाबायच्या धातूच्या नळीच्या, तोंडातून आत शिरते आणि कव्हरखाली बोटभर तार काळी पडते. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून होड्यांसाठी येते ती टिन्ड, म्हणजे कल्हई केलेल्या तांब्याची बारीक तारांची केबल घ्या. नाहीच मिळाली तर चांगल्या प्रतीची साधी तांब्याची चालेल, पण प्रत्येक टोक गोंदवाल्या श्रिंक स्लीव्हने (गरम केली की आवळणारी नळी) बंद झालं पाहिजे.

ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार बाजारात भरपूर आहे. ओळख सोपी आहे: एक बारीक तार काढून ब्लेडने खरवडा. टिन्ड तार बाहेरून चांदीसारखी दिसते आणि खरवडल्यावर आत तांबूस निघते. मुलाम्याची उलटी: बाहेरून तांबूस, आत पांढरी. ती दुकानातच परत करा.

आता जाडी. घरातल्या २३० व्होल्टला दीड चौरस मिलिमीटरची तार चालते, म्हणून इथेही तीच वापरतात. बारा व्होल्टला तीच तार महागात पडते. गाडी दहा फुटी असली तरी तार भिंत चढते, छताच्या कडेने जाते आणि आरशापर्यंत उतरते. एका बाजूने सहा मीटर सहज होतात, परतीची धरून बारा. दीडच्या लवचिक तारेचा विरोध मीटरला साधारण ०.०१३३ ओहम. सगळं ओझं एकाच तारेवर टाकलं तर ८ × १२ × ०.०१३३, म्हणजे जवळजवळ १.३ व्होल्ट वाटेतच मेले. बॅटरीवर १२.४ असले तरी आरशापाशी ११.१. पंखा आजाऱ्यासारखा फिरतो तो यामुळे. लोक मात्र पंखा बदलतात!

तेच ओझं ४ चौरस मिलिमीटरच्या तारेवर टाकलं तर तूट अर्ध्या व्होल्टवर येते. त्याहून चांगलं म्हणजे ओझं वाटून टाकणं: बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची आखूड जाड तार, आणि तिथून आरसे, छत, पंखे, चार्जिंग अशा चार वेगळ्या वाटा दीडच्या तारेने. प्रत्येक वाटेवर दोन-अडीच अँपिअरच जातात आणि तूट ०.३ ते ०.४ व्होल्टच्या आत राहते.

*सावध:* परतीची तार वेगळीच ओढा. गाडीच्या पत्र्याला अर्थ मारून तार वाचवायची सवय गॅरेजमधून आलेली आहे. कोकणात पत्र्याचा स्क्रू एका पावसाळ्यात गंजतो आणि दिवे लुकलुकायला लागतात. धन लाल, ऋण काळी, आणि शेवटपर्यंत तेच रंग. लाल संपली म्हणून हिरवी जोडणारा माणूस दोन वर्षांनी स्वतःच गोंधळतो.

टप्पा ४: वाट आखा, भोकं पाडा, तार अजून ओढू नका

खडू घेऊन आतून भिंतीवर रेघा मारा. तारा वरच्या कडेने न्या. खालून नेल्या तर पेटारे सरकवताना चिरडतात. पायपेटी आणि मृदंग कुठे ठेवतात तेही विचारा. वाजवणाऱ्यांची जागा मालकापेक्षा ते स्वतःच ठरवतात.

भोक पाडण्याआधी पलीकडे काय आहे ते उतरून, वाकून बघा. फरशीखालून ब्रेकचे पाइप आणि डिझेलची टाकी जाते. फरशीला भोक पाडायची वेळच येऊ नये अशी वाट शोधा. पत्र्याच्या प्रत्येक भोकाची धार कानशीने घासा, गंजरोधक रंगाचा हात द्या आणि रबरी ग्रोमेट, म्हणजे तारेला धार लागू न देणारं कडं, बसवा.

ग्रोमेटबद्दल मी इतका हट्टी का, तेही सांगतो. माझ्या पहिल्या गाडीत आडोशाच्या लोखंडी पट्टीतून तार नुसतीच ओढली होती. चार रुपयांचं रबर दुकानात शिल्लक नव्हतं आणि त्या रात्री सोनुर्लीचा प्रयोग होता. पंधरा दिवसांनी आंबोली घाट उतरताना हादऱ्यांनी कव्हर कापलं गेलं आणि तांबं लोखंडाला लागलं. फ्यूज बॉक्स होता, पण कापलेली जागा बॅटरी आणि फ्यूज बॉक्सच्या मधली! तिथे फ्यूजच नव्हता. चालकाला वास आला, त्याने गाडी बाजूला घेतली, टॉवेल गुंडाळून बॅटरीची क्लॅम्प उपटली. एका शालूचा पदर करपला, एवढ्यावर निभावलं. तो पदर मालकांनी मला अजून दाखवायचा सोडलेला नाही.

टप्पा ५: फ्यूज आणि जोड

फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो. हे डोक्यात बसलं की जागा आणि आकडा दोन्ही आपोआप कळतात.

१. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत. ६ च्या तारेला ३० अँपिअर.
२. त्यानंतर बॅटरी तोडायचा मुख्य स्विच, दारातून हात पोचेल असा.
३. मग सहा घरांचा ब्लेड फ्यूजचा बॉक्स, झाकणवाला. आरसे, छत आणि पंखे यांना प्रत्येकी ५, चार्जिंगला ७.५ अँपिअर. दोन घरं रिकामी ठेवा, पुढच्या वर्षी काहीतरी येतंच.

ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले असतात: ५ फिकट खाकी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

जोड क्रिंप करून, म्हणजे थिंबल पक्कडीने दाबून करायचे, डाग देऊन (सोल्डर करून) नाही. गाडीत सतत हादरे असतात. डाग दिलेली तार जिथे कडक भाग संपतो तिथे काही महिन्यांत तुटते. पीळ मारून वर काळी टेप हा प्रकार तर नकोच. एप्रिलच्या उन्हात पत्र्यालगत टेपचा गोंद पाघळतो आणि टेप गळून पडते. कव्हर थिंबलच्या नळीएवढंच सोला, क्रिंपच्या पक्कडीने दाबा आणि मग जोराने ओढा. निघाली तर निघू दे, आत्ताच निघालेली बरी. मगच स्लीव्ह गरम करा, गोंदाचा बारीक मणी कडेला दिसेपर्यंत.

तारा लवचिक पाइपमधून न्या आणि दर फुटाला क्लिप मारा. पाइपची तोंडं बंद करा, उंदीर तिथूनच आत शिरतात. फ्यूज बॉक्समध्ये तार वरून सरळ उतरवू नका. आधी खाली वळण देऊन मग वर आणा, म्हणजे छतातून गळलेलं पाणी वळणावरून टपकतं, बॉक्समध्ये जात नाही.

*तपासा:* बॅटरी अजून जोडलेली नाही ना? या टप्प्यापर्यंत ती गाडीत बसवलेली, पण तारांपासून अलग हवी.

टप्पा ६: आरशाचे दिवे

आरशाच्या वर दिवा लावला तर डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावली पडते आणि नट तिथे जास्त रंग भरतो. दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर उभ्या पट्ट्या लावा. रंगाचं तापमान ४००० केल्व्हिनच्या जवळपास, आणि पाकिटावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर लिहिलेलं बघून घ्या. निळसर पांढऱ्या स्वस्त पट्टीत लाल रंग मळकट दिसतो. राक्षसाचं काम करणारा अजून एक हात मारतो आणि मंडपात गेल्यावर सगळं भडक होतं. ही तक्रार तुमच्याकडे येणार नाही, रंगाच्या डबीकडे जाईल.

एलईडी पट्टी थेट बॅटरीला जोडू नका. चार्ज होताना बॅटरीवर १४.४ व्होल्टपर्यंत जातात आणि बारा व्होल्टची पट्टी तापून वर्षभरात अर्धी मरते. मध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा छोटा रेग्युलेटर घ्या. पट्टी ॲल्युमिनिअमच्या पन्हळीत बसवा आणि क्लिपने धरा, मागचा चिकट गोंद दमट हवेत टिकत नाही.

पंखे आणि चार्जिंगच्या सॉकेटबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. स्विच नेहमी धन तारेवर, आणि पंखा टोपाच्या वाटेत नको. टोप घालून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची मोजा, नुसत्या माणसाची नाही.

टप्पा ७: बॅटरी भरायची कशी

सोपी वाट म्हणजे दिवसा मुक्कामी घरच्या विजेवर चार्जर लावणं. लिथियमला लिथियमचाच चार्जर हवा. शिसं-ॲसिडच्या चार्जरमधला डिसल्फेशनचा, म्हणजे जास्त व्होल्टचे झटके देऊन जुनी बॅटरी सुधारायचा, प्रकार तिला चालत नाही.

चालत्या गाडीत भरायची तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (इंजिनाच्या बाजूची वीज घेऊन दुसरी बॅटरी बेताने भरणारा) लागतो. थेट तार जोडून लिथियम बॅटरी अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) टाकली तर ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. २० अँपिअरचा चार्जर दीड तासाच्या प्रवासात ३० अँपिअर-तास परत देतो. एका रात्रीचा बराचसा खर्च तिथेच निघाला. त्याला पुढून साधारण २५ अँपिअर लागतात, म्हणून १० चौरस मिलिमीटरची तार.

*सावध:* या तारेच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून दोन्ही टोकांना ४० अँपिअरचे फ्यूज. एकच फ्यूज लावलेल्या गाड्या मी सर्रास बघतो. मधे तार कापली तर दुसऱ्या बाजूची बॅटरी तिला जाळत राहते.

आणि २३० व्होल्ट: मंडपवाल्याच्या जनरेटरची वायर दारातून आत ओढून बोर्ड लावायचा नाही. पत्र्याची खोली, अनवाणी पाय, घामाने भिजलेली माणसं. तसंच लागणार असेल तर तेवढं काम परवानाधारक वायरमनकडून, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (गळती झाली की वीज तोडणारा स्विच).

टप्पा ८: पहिल्यांदा वीज सोडताना

अंगठी आणि हातातलं कडं काढा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. मुख्य फ्यूज काढलेला असू द्या.

१. सगळे स्विच बंद ठेवून मल्टिमीटरने फ्यूज बॉक्सची धन पट्टी आणि गाडीचा पत्रा यांत सलगता बघा. बीप वाजली तर थांबा. कुठेतरी तार सोललेली आहे.

२. आता बॅटरी जोडा: आधी धन, मग ऋण. काढताना उलट, आधी ऋण. चुकीच्या क्रमाने काढलं आणि पाना पत्र्याला टेकला की ठिणगी पडते.

३. मुख्य फ्यूजच्या जागी ब्रेक लाइटचा २१ वॅटचा जुना बल्ब दोन तारांनी लावा. जुन्या गॅरेजवाल्यांची ही युक्ती फार गुणी आहे. मुख्य स्विच चालू करा. सगळं बंद असताना बल्ब विझलेलाच राहिला पाहिजे. झगझगीत पेटला तर शॉर्ट आहे, पण बल्ब मध्ये असल्यामुळे काही जळणार नाही. मग एकेक वाट चालू करा. बल्ब मंद लागेल, दिवेही मिणमिणतील, ते ठीक.

४. बल्ब काढून खरा फ्यूज बसवा. सगळं चालू करून अर्धा तास ठेवा. बॅटरीवर आणि सगळ्यात लांबच्या आरशाच्या रेग्युलेटरपाशी व्होल्ट मोजा. फरक ०.४ च्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर एखादा जोड सैल आहे. मग प्रत्येक जोडावर बोट ठेवा. कोमट चालेल, बोट उचलावं लागलं तर तो जोड कापून परत करा.

लिथियम बॅटरी किती उरली ते व्होल्टवरून कळत नाही. ती बराच वेळ १३.२ च्या जवळपास दाखवत राहते आणि शेवटी एकदम खाली येते, म्हणून शंटवाला मीटर, म्हणजे आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहणारा, लावा. शिसं-ॲसिडची विश्रांतीत १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. तिथे थांबा.

टप्पा ९: जून ते तुळशीचं लग्न

गाडी चार-पाच महिने उभी राहणार. मुख्य फ्यूज काढून ठेवा. शिसं-ॲसिडची बॅटरी घरात आणून महिन्याला एकदा पूर्ण भरा. लिथियम निम्मी भरून ठेवली तरी चालते. टोकांना व्हॅसलीन लावा. फ्यूज बॉक्स गणपतीच्या सुमारास एकदा उघडून बघा. मला त्यात पालीची अंडी, मुंग्यांचं वारूळ आणि एकदा चक्क कोणीतरी जपून ठेवलेला विड्यांचा कट्टा मिळालाय.

फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतून कागद चिकटवा: कुठलं घर कशाचं आणि किती अँपिअरचं. शेजारी पिशवीत प्रत्येक आकड्याचे दोन-दोन जादा फ्यूज टांगा. रात्री दोन वाजता पुढच्या नटाचा चेहरा अर्धा रंगलेला असतो, फ्यूज उडतो, आणि हाताशी दुसरा नसला की कोणीतरी सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून तोच परत बसवतो.